प्लगइनच्या फोल्डरांची कमांड लाइनवरून तपासणी: स्क्रिप्टने नेमके काय विचारावे

धुळ्यातील एका तरुण सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीवरील बावीस संकेतस्थळांची देखभाल आहे. त्यांत काही जिनिंगवाले आहेत, दोन महाविद्यालये आहेत, एक पतसंस्था आहे. सर्व्हर बदलताना किंवा अपडेट करताना मध्येच एखाद्या प्लगइनचा (वर्डप्रेसला जोडलेल्या पूरक सुविधेचा) फोल्डर अर्धवट राहतो आणि ते ग्राहकाचा फोन आल्यावरच कळते. त्यांनी एक छोटी बॅश स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लाइनवर चालणाऱ्या आज्ञांची यादी, लिहिली आहे. हाताने तयार केलेल्या यादीतील प्रत्येक प्लगइनचा फोल्डर जागेवर आहे का, एवढे ती पाहते. ती दर वेळी ‘सर्व ठीक’ असे सांगते आणि बिघाड मात्र होतच राहतात. स्क्रिप्टमध्ये काय चुकते आहे, असे त्यांनी विचारले आहे.

मुख्य अडचण स्क्रिप्टमधील ओळींत नाही; ती विचारत असलेला प्रश्नच अपुरा आहे. फोल्डर असणे आणि वर्डप्रेसच्या दृष्टीने तेथे प्लगइन असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आधी वर्डप्रेस स्वतः प्लगइन कसे ओळखते ते पाहावे, आणि स्क्रिप्टने तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत.

वर्डप्रेस प्लगइनच्या मुख्य फोल्डरात थेट असलेल्या आणि त्याखाली फक्त एक पातळी खाली असलेल्या पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या भाषेतील) फाइली पाहते. त्याहून खोल जात नाही. अशा प्रत्येक फाइलचे पहिले 8 किलोबाइट वाचून त्यांत ‘प्लगइन नेम’ ही हेडरची, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीची, ओळ शोधते. ती सापडली तरच ते प्लगइन. नाही सापडली, तर फोल्डर कितीही भरलेला असला तरी वर्डप्रेसच्या लेखी तेथे काही नाही. कोणती प्लगइन चालू आहेत याची यादी डेटाबेसमध्ये वेगळी असते आणि तिच्यात प्लगइनचे नाव नव्हे, तर ‘फोल्डर, तिरपी रेघ, मुख्य फाइल’ असा मार्ग लिहिलेला असतो. वाचकासाठी पान उघडताना वर्डप्रेस या यादीतील प्रत्येक मार्गावर फाइल आहे का ते बघते आणि नसेल तर ते प्लगइन सोडून पुढे जाते. तेथे ना पांढरा पडदा येतो, ना नोंदवहीत ओळ पडते. तुमचे बहुतेक ‘न कळलेले’ बिघाड या एकाच वाटेने येत असावेत, असा माझा अंदाज आहे.

हे मी स्वतःच्या कामातून शिकलो. रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याचे संकेतस्थळ मी जळगावहून सांभाळत होतो. त्यावर चौकशीचा फॉर्म होता. बाहेरगावचे खरेदीदार त्यातून भाव आणि गाडीची विचारणा करत. सर्व्हर बदलताना मी प्लगइनची झिप उघडली आणि ती फोल्डरात आणखी एक त्याच नावाचा फोल्डर तयार करून उघडली गेली. बाहेरचा फोल्डर जागेवर, नाव बरोबर, आकारही बरोबर. मुख्य फाइल मात्र एक पातळी जास्त खोल. मुखपृष्ठ व्यवस्थित उघडत होते, म्हणून मी काम संपले असे समजलो. अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला: “भाऊ, फॉर्मच्या जागी काहीतरी कंसात लिहिलेलं येतंय.” ते शॉर्टकोड होते, म्हणजे प्लगइनने ज्या जागी फॉर्म दाखवायचा ती खूण. प्लगइनच लोड न झाल्यामुळे वर्डप्रेसने चौकटी कंसातील ती ओळ जशीच्या तशी छापली होती. ऐन कापणीचे ते दिवस होते. त्या अकरा दिवसांत किती चौकश्या परत गेल्या हे आजही सांगता येणार नाही, आणि मला त्याचे वाईट वाटते. तुमच्या आत्ताच्या स्क्रिप्टने त्या फोल्डरालाही ‘सर्व ठीक’ म्हटले असते.

तेव्हा पहिला बदल म्हणजे हाताने केलेली यादी सोडून द्यावी. चालू प्लगइनची यादी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनाने थेट डेटाबेसमधून काढावी आणि त्या आज्ञेला प्लगइन व थीम वगळण्याचे दोन्ही पर्याय जोडावेत, म्हणजे एखादे बिघडलेले प्लगइन तपासणीच्या आज्ञेलाच पाडणार नाही. येथे एक गोष्ट लक्षात असू द्यावी: हा वगळण्याचा पर्याय ‘एमयू-प्लगइन’ (नेहमी आपोआप लोड होणाऱ्या प्लगइनच्या) फोल्डरातील फाइलींना लागू होत नाही, त्या लोड होतातच. तेथील एखादी फाइल बिघडली असेल तर यादी मिळणारच नाही आणि स्क्रिप्टने ही अवस्था ‘दोष नाही’ अशी न मोजता ‘तपासता आले नाही’ अशी वेगळी नोंदवावी. एकाच स्थापनेवर अनेक संकेतस्थळे असतील, म्हणजे मल्टिसाइट असेल, तर संपूर्ण जाळ्यासाठी चालू केलेल्या प्लगइनची यादी स्वतंत्र ठिकाणी असते, तीही घ्यावी.

यादीतील प्रत्येक मार्गासाठी फाइल आहे का, ती शून्य बाइटची नाही ना आणि ती वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याला वाचता येते का, हे पाहावे. यांतील तिसरा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. तुम्ही स्वतःच्या खात्यातून स्क्रिप्ट चालवता तेव्हा तुम्हाला सर्व दिसते. पण फोल्डरची परवानगी 700 (फक्त मालकाला प्रवेश) राहिली असेल आणि वेब सर्व्हर दुसऱ्या खात्याने चालत असेल, तर त्याच्या दृष्टीने आतली फाइल अस्तित्वातच नसते आणि वर सांगितल्याप्रमाणे प्लगइन गुपचूप वगळले जाते. म्हणून ही एक चाचणी वेब सर्व्हरच्या खात्यातूनच करावी. सर्वसाधारणपणे फोल्डरांना 755 आणि फाइलींना 644 असावे.

त्यानंतर हेडर. ते शोधताना पूर्ण फाइल न चाळता ‘हेड’ने पहिले 8192 बाइट घेऊन त्यांतच शोधावे, कारण लांबलचक परवान्याच्या मजकुराखाली हेडर गेले तर तुमच्या ग्रेप या शोध-आज्ञेला ते सापडेल आणि वर्डप्रेसला सापडणार नाही. ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा, तारका, तिरपी रेघ किंवा हॅश असू शकते, आणि अक्षरे कॅपिटल की स्मॉल याने फरक पडत नाही. तुमच्या नमुन्याने एवढी सवलत दिली पाहिजे. एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा: हेडर वाचण्यासाठी किंवा ‘चालते का ते बघू’ म्हणून प्लगइनची फाइल पीएचपीकडून चालवू नये. तपासणीचा अर्थच असा की समोरच्या फाइलीवर अजून विश्वास नाही. ज्या फाइलीत कोणी परक्याने काही घुसवले असण्याची शक्यता आहे, तीच फाइल स्वतःच्या हाताने चालवणे योग्य नाही. याच कारणासाठी डब्ल्यूपी-सीएलआय रूट (सर्वाधिकारी) खात्यातून चालवू नये. ते स्वतःही तशी सूचना देऊन थांबते.

हेडर मिळाले की त्याच तुकड्यातून आणखी दोन ओळी वाचून घ्याव्यात. किमान पीएचपी आवृत्ती सांगणारी ओळ वर्डप्रेस 5.3 पासून, म्हणजे 2019 पासून, मानली जाते. आणि 2024 मध्ये आलेल्या 6.5 आवृत्तीपासून एखादे प्लगइन दुसऱ्या कोणत्या प्लगइनवर अवलंबून आहे हेही हेडरमध्ये लिहिता येते. तेथे दिलेली नावे स्वल्पविरामावर तोडून प्रत्येकाचा फोल्डर आहे का हे पाहणे चार ओळींचे काम आहे.

आता व्याकरणाची तपासणी, म्हणजे पीएचपीचा ‘हायफन एल’ हा पर्याय. तो फाइल न चालवता फक्त तिची रचना तपासतो, म्हणून सुरक्षित आहे. त्याच्यावर किती विसंबावे, हे मात्र नीट समजून घ्यावे लागते.

पहिली अडचण आवृत्तीची. टर्मिनलवर ‘पीएचपी’ असे लिहिल्यावर जी आवृत्ती चालते, तीच वेब सर्व्हर वापरतो असे नाही. सामायिक होस्टिंगवर तर अनेकदा दोन्ही वेगळ्या असतात, आणि क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालवताना तिसरीच असू शकते, कारण क्रॉनला तुमच्या खात्याचा नेहमीचा पाथ, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या जागांची यादी, मिळत नाही. पीएचपीच्या 8.0 या आवृत्तीने जुनी एक लेखनपद्धत, अक्षरमालिकेतील किंवा अॅरेमधील स्थान महिरपी कंसात लिहिण्याची, पूर्ण काढून टाकली. तशी फाइल 7.4 वर निर्दोष ठरते आणि 8.0 वर संकेतस्थळ पाडते. तेव्हा पीएचपीचा संपूर्ण मार्ग प्रत्येक संकेतस्थळासाठी स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये लिहावा आणि अहवालाच्या पहिल्याच ओळीत ती आवृत्ती छापावी.

दुसरी अडचण म्हणजे ही तपासणी कशाला दोष मानत नाही. शून्य बाइटची फाइल तिच्या दृष्टीने निर्दोष असते, कारण रिकाम्या फाइलीत चूक कोठून येणार? होस्टिंगवरील जागा भरल्यामुळे झिप उघडताना मागे राहणाऱ्या फाइली बहुधा अशाच रिकाम्या असतात. म्हणून फाइंड या फाइली शोधणाऱ्या आज्ञेने रिकाम्या पीएचपी फाइली स्वतंत्रपणे शोधाव्यात. 8.0 मध्ये काढून टाकलेली जुनी फंक्शने एखाद्या फाइलीत वापरली असतील, तर तेही या तपासणीत दिसत नाही. फंक्शनचे नाव आहे की नाही हे चालवतानाच कळते. विंडोजच्या लॅपटॉपवर लिहिलेल्या प्लगइनमध्ये फाइलीचे नाव कॅपिटल अक्षराने आणि तिला बोलावणारी ओळ स्मॉल अक्षराने असेल, तर लॅपटॉपवर ते बिनबोभाट चालते आणि लिनक्स सर्व्हरवर पडते. व्याकरण दोन्हीकडे शुद्धच असते.

आणि तो तीन बाइटांचा प्रकार. प्लगइन चालू करताना ‘अनपेक्षित मजकुराची 3 अक्षरे बाहेर पडली’ अशा अर्थाचा संदेश तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. ही तीन अक्षरे म्हणजे फाइलीच्या अगदी सुरुवातीला बसलेली यूटीएफ-8 ची खूण, म्हणजे ‘बॉम’. साध्या नोटपॅडने मराठी मजकूर असलेली फाइल सेव्ह करताना चुकीचा पर्याय निवडला की ती येते. डोळ्यांना दिसत नाही, व्याकरण-तपासणीला दोष वाटत नाही, पण पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी असल्यामुळे ती थेट पानावर जाते आणि लॉगिन किंवा पुनर्निर्देशन बिघडवते. आपल्याकडे प्लगइनमध्ये ‘नाव’, ‘गाव’, ‘मोबाइल नंबर’ असे शब्द हाताने भरण्याची पद्धत आहे, त्यामुळे हा दोष मला वारंवार भेटतो. प्रत्येक पीएचपी फाइलीचे पहिले तीन बाइट वाचून पाहणे हा त्यावर सोपा उपाय आहे.

मूळ प्रतीशी ताळमेळ हा यापुढचा टप्पा. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातून घेतलेल्या प्लगइनसाठी डब्ल्यूपी-सीएलआयमध्ये चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) पडताळण्याची तयार आज्ञा आहे. ती बदललेली, गहाळ आणि वाढीव फाइल असे तिन्ही सांगते. वाढीव फाइलीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण घुसखोरी बहुतेक वेळा नव्या फाइलीच्या रूपानेच येते. विकत घेतलेल्या किंवा स्वतः लिहिलेल्या प्लगइनचे चेकसम मात्र त्या संग्रहात नसतात, म्हणून ती आज्ञा त्यांना वगळते. वगळले म्हणजे तपासले असे समजू नये. त्यांच्यासाठी स्वतःची नोंद ठेवावी: ज्या दिवशी प्लगइन बसवले आणि चालते याची खात्री झाली, त्याच दिवशी मूळ झिपमधील सर्व फाइलींचे ‘शा-256’ चेकसम काढून ती यादी संकेतस्थळाच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. या यादीवरून पडताळणी केली तर बदललेल्या आणि गहाळ फाइली कळतात, वाढीव कळत नाहीत. त्यासाठी फाइलींच्या नावांची आताची यादी जुन्या यादीशी वेगळी ताडून पाहावी लागते. दोन्ही याद्या एकाच क्रमाने लावलेल्या असाव्यात, म्हणून क्रम लावण्याआधी लोकॅल (भाषा आणि अक्षरक्रम ठरवणारे सेटिंग) ‘सी’ ठेवावे. नाहीतर दोन यंत्रांवर दोन क्रम लागतात आणि नसलेले फरक दिसतात. एफटीपीने मजकूर पद्धतीत पाठवलेल्या फाइलींच्या ओळींचे शेवट बदलतात आणि चेकसम जुळत नाही, जरी प्लगइन चालत असले तरी. अशा वेळी चेकसमला दोष न देता फाइल पुन्हा बायनरी पद्धतीने पाठवावी.

फोल्डरात काय नको आहे, हेही पाहावे. गिटहबवरून थेट झिप घेतली की फोल्डरच्या नावाला शाखेचे नाव चिकटते. मार्ग बदलल्यामुळे वर्डप्रेसला ते वेगळेच प्लगइन वाटते आणि चालू यादीतील जुना मार्ग रिकामा राहतो. अपडेटपूर्वी केलेली प्रत त्याच ठिकाणी ‘जुने’ अशा नावाने ठेवण्याची सवय तर सर्रास आढळते. त्या प्रतीत वैध हेडर असते, म्हणून ती दुसरे प्लगइन म्हणून यादीत येते, चुकून चालू करायला गेले तर एकच फंक्शन दोनदा घोषित होऊन गंभीर चूक येऊ शकते, आणि चालू केली नाही तरी तिच्यातील जुन्या सुरक्षा-त्रुटी बाहेरून पोहोचता येतील अशा जागी पडून राहतात. बॅकअप प्लगइनच्या फोल्डरात ठेवू नये. ‘एमयू-प्लगइन’ फोल्डरात तर उलट अडचण आहे: तेथे थेट ठेवलेल्या पीएचपी फाइलीच लोड होतात, उपफोल्डरांकडे वर्डप्रेस पाहतही नाही. तेथे नुसता फोल्डर दिसला, तर त्याला बोलावणारी फाइल बाहेर आहे का ते स्क्रिप्टने विचारावे.

आता तुमच्या स्क्रिप्टच्या बांधणीकडे येतो, कारण ‘नेहमी सर्व ठीक’ याचे दुसरे कारण मला तेथे दिसते. तुम्ही फाइंडचे उत्पादन पाइपने ‘व्हाइल रीड’ या चक्रात दिले आहे आणि आत दोषांची संख्या वाढवत नेली आहे. बॅशमध्ये पाइपच्या पुढचे ते चक्र सहसा वेगळ्या उपशेलमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रक्रियेत, चालते. चक्र संपले की तेथील मोजणी नष्ट होते आणि बाहेरचे मूल्य शून्यच राहते. म्हणजे पुढे तुम्ही फोल्डराऐवजी कितीही नेमके प्रश्न विचारू लागलात, तरी दोष पडद्यावर छापले जातील आणि शेवटचा निकाल मात्र ‘शून्य दोष’ असाच येईल. फाइंडचे उत्पादन पाइपऐवजी प्रोसेस सब्स्टिट्यूशनने (आज्ञेचे उत्पादन फाइलीसारखे वाचू देणाऱ्या बॅशच्या सोयीने) चक्राला द्यावे, मोजणी टिकते.

दुसरा खड्डा एक्सआर्ग्जचा, म्हणजे फाइलींची यादी दुसऱ्या आज्ञेला पुरवणाऱ्या आज्ञेचा. पीएचपीची व्याकरण-तपासणी दोष आढळल्यास 255 हा एक्झिट कोड, म्हणजे संपताना कळवायचा निकालाचा आकडा, देते आणि एक्सआर्ग्जच्या नियमानुसार 255 याचा अर्थ ‘येथेच थांबा’ असा होतो. परिणामी पहिल्या सदोष फाइलीवर सगळी तपासणी संपते आणि उरलेल्या शेकडो फाइली पाहिल्याच जात नाहीत. मधे एक लहानशी शेल आज्ञा घालून 255 चे 1 करावे, म्हणजे एक्सआर्ग्ज शेवटपर्यंत जाईल. याच कारणाने, चूक येताच थांबण्याचा ‘सेट हायफन ई’ हा पर्यायही या स्क्रिप्टमध्ये नको. इतर कामांत तो चांगला आहे, पण तपासनिसाने पहिल्या दोषावर थांबून कसे चालेल? फाइलींची नावे नेहमी शून्य-बाइटने विलग करून पाठवावीत आणि प्रत्येक चलाभोवती दुहेरी अवतरणे असावीत. विंडोजवरून आलेल्या फोल्डरांच्या नावांत मोकळी जागा आणि कंस हमखास असतात, आणि अवतरणे नसतील तर स्क्रिप्ट एका फोल्डरचे तीन तुकडे करते.

निकालासाठी ग्रेपसारखी तीन पायऱ्यांची पद्धत ठेवावी: दोष नसेल तर 0, दोष असेल तर 1 आणि तपासताच आले नाही तर 2. प्रत्येक दोषाची एकच ओळ असावी आणि तिच्यात संकेतस्थळ, मार्ग, दोषाचा प्रकार हे ठरलेल्या क्रमाने यावेत, म्हणजे बावीस संकेतस्थळांचा अहवाल एकत्र करून चाळता येतो. दोष नसेल तर क्रॉनने तुम्हाला काहीही पाठवू नये. मात्र तपासणी कधी पूर्ण झाली याची वेळ एका फाइलीत लिहून ठेवावी, नाहीतर बंद पडलेली स्क्रिप्ट आणि निर्दोष संकेतस्थळ यांत फरक करता येणार नाही.

स्क्रिप्टने स्वतः काही दुरुस्त करावे का, असेही तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. फोल्डराचे नाव बदलले की वर्डप्रेसच्या लेखी प्लगइन बदलते. प्लगइनची पडद्यावरील यादी उघडली की मार्ग न सापडलेली प्लगइन ते आपोआप बंद करते. अशा ठिकाणी रात्री अडीच वाजता स्क्रिप्टने केलेला एक चांगल्या हेतूचा बदल सकाळी उलगडणे फार कठीण जाते. तिने वाचावे आणि सांगावे. हात तुमचा असू द्यावा.

शेवटी स्क्रिप्टची स्वतःची परीक्षा घ्यावी. एका संकेतस्थळाची प्रत स्वतःच्या यंत्रावर उतरवा आणि सहा प्लगइनमध्ये मुद्दाम एकेक बिघाड करा: एकात मुख्य फाइल एक पातळी खोल न्या, दुसऱ्यात एक फाइल रिकामी करा, तिसऱ्यात बॉम घाला, चौथ्यात एक अर्धविराम काढा, पाचव्याच्या फोल्डरची परवानगी 700 करा, आणि सहाव्यात मोकळी जागा असलेल्या नावाची एक वाढीव पीएचपी फाइल ठेवा. स्क्रिप्टने बरोबर सहा ओळी आणि एक्झिट कोड 1 दिला पाहिजे. मग तीच स्क्रिप्ट न बिघडवलेल्या प्रतीवर चालवा. तेथे एकही ओळ न येता 0 मिळाला, की ती बावीस संकेतस्थळांच्या क्रॉनमध्ये टाकावी.